गाडी कुठं उभी राहील?

घरमालकीण कुलूप काढून दारात थांबली होती आणि माझा मावसभाऊ अजून गल्लीच्या तोंडाशीच. आधी त्यानं मान वर करून विजेच्या तारा किती खाली लोंबतात ते पाहिलं. मग तिथून मोठ्या रस्त्यापर्यंत पावलं मोजत गेला आणि मोजतच परत आला. भिलाईच्या खुर्सीपारमध्ये आम्ही खोली बघायला गेलो होतो, पण खोलीत शिरले मी एकटीच.

"अरे, आत तर ये."

"खोलीत काय पाहाचं ताई? चार भिती असतीलच. गाडी कुठं उभी राहील ते पाहू दे पहिले."

गाडी म्हणजे अठरा चाकांचा ट्रेलर. तो या गल्लीत शिरणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं. त्याला हवं होतं ते एवढंच, की ट्रेलर लावून दहा मिनिटांत चालत घरी पोचता यावं आणि रात्री दोनला जाग आली तर उठून एक चक्कर मारता यावी. उभ्या गाडीच्या टाकीतून डिझेल काढतात, बॅटऱ्या सोडवून नेतात, ताडपत्री, स्टेपनी, चेन, काहीही जातं. आणि गेलेलं बहुतेक वेळा ड्रायव्हरच्याच हिशेबातून वळतं होतं. इथं मोठ्या रस्त्यापर्यंतच सातशे पावलं भरली, पुढं पार्किंग आणखी लांब. घरमालकिणीला नमस्कार करून आम्ही निघालो. भाडं किती, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही.

भाऊ साकोलीकडचा, झाडीपट्टीतला. आधी क्लीनर, मग दहाचाकी, आता ट्रेलर. भिलाईचा माल नेतो, म्हणजे प्लेटा, वायर रॉडचे गुंडाळे, अँगल, चॅनेल. रेल्वेचे रूळ इथलेच, पण ते ट्रकवर चढत नाहीत. 260 मीटर लांबीचा रूळ रुळांवरूनच जातो. मालकाचं ऑफिस हथखोजला, गाडी दुर्ग पासिंगची, सीजी-07. घर मात्र महाराष्ट्रात. गेली काही वर्षं तो भिलाईत असला की केबिनमध्येच झोपायचा. या उन्हाळ्यात म्हणाला, आता पुरे, बायकापोरांना इकडं आणतो. मी नागपूरहून दोन दिवसांसाठी आले ती घर बघायला आणि मुख्य म्हणजे वहिनीच्या बाजूनं बोलायला कुणीतरी असावं म्हणून.

भिलाईत घर शोधताना एक गोष्ट खटकत राहते. हे गाव घरांचा नकाशा काढून वसवलेलं आहे. 1955 मध्ये पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत रशियाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि कारखान्याबरोबर सेक्टरही उभे राहिले. रुंद रस्ते, दुतर्फा झाडं, क्वार्टर, शाळा, सेक्टर नऊचं मोठं हॉस्पिटल. बांधकामाच्या मजुरांसाठी छावण्या पडल्या, त्यांचे कॅम्प-1 आणि कॅम्प-2 झाले. आजही लोक पत्ता तसाच सांगतात. पोलाद तयार करणाऱ्यांची सोय झाली, कारखाना बांधणाऱ्यांचीही कशीबशी झाली. ते पोलाद वाहून नेणाऱ्याचं घर मात्र त्या नकाशात कुठं दिसत नाही. त्यानं आपला आपण कोपरा बघायचा.

कोपरे आम्ही बरेच पाहिले. जामुलला खोली मोठी होती, पण खिडकीच्या गजांवर बोट फिरवलं तर धूळ पिठासारखी. चरोद्याला रेल्वे यार्डाजवळ एक चांगलं होतं, तिथून हथखोज आडवाटेला पडतं. कुम्हारी रायपूरच्या वाटेवर, म्हणून त्यानं नावच काढू दिलं नाही.

मग त्याला त्याच्या मनासारखी जागा सापडली. जीई रोडला लागून टायरवाल्यांची रांग आहे, तिच्या मागच्या अंगाला एक खोली. समोर मोकळं मैदान, त्यात पाच-सात ट्रेलर ओळीनं उभे. टायरवाल्याचं दुकान रात्रभर उघडं, कॉम्प्रेसर चालू, कुणी ना कुणी जागं. भाऊ पहिल्यांदा खोलीत गेला, पंखा लावून पाहिला आणि लगेच बंद केला. "हे बेस आहे," म्हणाला.

गावाहून आलेल्या वहिनीनं नळाची वेळ विचारली, संडास आत आहे का पाहिलं, आणि म्हणाली, "रात्री आठले पुन्हा येऊ." हे मला सुचलं नसतं. रात्री आठला आलो तेव्हा मैदानात सगळे पुरुषच होते. कुणी आंघोळ करत होतं, कुणी स्टोव्हवर भाजी टाकली होती, कुणी नुसतंच खाटेवर पडून मोबाइल बघत होतं. वाईट वागणारं कुणी नव्हतं, उलट आम्हाला बघून दोघांनी अंगात बनियन चढवलं. पण शेजारी एक बाई दिसेना, एक पोर रडताना ऐकू येईना.

"तुमी महिन्याच्या पाच रात्री घरी," वहिनी म्हणाली. "बाकीच्या पंचवीस मी कोणाच्या भरवशावर काढू?"

भाऊ गप्प झाला. गाडीला जी जागा बरी, ती नेमकी बाईमाणसाला अवघड. आणि वहिनीला जिथं चार घरचा शेजार मिळेल, तिथून गाडी दिसत नाही.

जेवायला आम्ही त्याच्याच केबिनमध्ये बसलो. सीटच्या मागं झोपायची फळी, तिच्यावर घडी घातलेली वाकळ. पडदा वहिनीच्या जुन्या साडीचा, काठ अजून ओळखू येतो. पायाशी पाण्याची कॅन, डाळ-तांदळाचे डबे, तिखटाच्या डबीचं झाकण रबरानं बांधलेलं, कारण खड्ड्यात ते उडतं. काचेवर डोंगरगडच्या बम्लेश्वरीचा फोटो. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या जड ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. याची गाडी त्याआधीची, म्हणून डॅशबोर्डला छोटा पंखा चिकटवलेला. क्लीनर आता नसतो, मालकाला परवडत नाही. मी म्हटलं, घर तर इथंच आहे की रे तुझं. तो हसला नाही. मला वाटतं ते बोलायला नको होतं.

मग त्यानं बिल्टीच्या पाठीवर हिशेब मांडून दाखवला, आणि तो इथंच घर का शोधतोय ते मला कळलं. भिलाई ते कळंबोलीचा लोखंड बाजार साधारण अकराशे किलोमीटर. ई-वे बिलाला 200 किलोमीटरमागं एक दिवस मिळतो, म्हणजे कागदावर सहा दिवस. मालकाला गाडी चौथ्या दिवशी खाली झालेली हवी. ट्रेलरला जीपीएस, तासभर एका जागी राहिला की ऑफिसातून फोन. रस्त्यात थांबायची सोय नाही. थांबणं असतं ते दोन टोकांना. तिकडं परतीच्या भाड्यासाठी, इकडं नंबर लागेपर्यंत. नंबर लागला की गेट पास, रिकाम्या गाडीचं वजन, क्रेनखाली उभं राहणं, भरल्या गाडीचं वजन. यात कधी एक दिवस जातो, कधी तीन. "हे तीन दिवस मी पार्किंगमदी मच्छर मारत बसतो. घर इथं असन तर तेवढे दिवस घरी."

आणि गंमत म्हणजे त्याचं गाव याच रस्त्यावर आहे. सुरतजवळच्या हजिऱ्याहून निघून धुळे, अमरावती, नागपूर, भंडारा, साकोली, देवरी, राजनांदगाव, दुर्ग, भिलाई, रायपूर करत पारादीप बंदरापर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग 53. प्रत्येक खेपेला तो आपल्या गावाच्या फाट्यावरून दोनदा जातो. फाट्यावर पाच मिनिटं ब्रेक दाबतो, वहिनी डबा घेऊन उभी असते, पोरगी खिडकीतून हात घालते. भरल्या गाडीला त्याहून जास्त थांबता येत नाही. घर ज्या रस्त्यावर, त्याच रस्त्यावर ते सर्वांत कमी वाट्याला येतं.

तरी वहिनीची बाजू साधी नव्हती. पोरगी नववीत, मराठी शाळेत. पुढच्या वर्षी दहावी, आणि मधेच हिंदीत जायचं. जातीचा दाखला महाराष्ट्राचा, आरक्षणाचा फायदाही महाराष्ट्रातच. इथं आलं की पोरगी खुल्यात. रेशनचं धान्य आता कुठंही उचलता येतं, पण बाकी सगळं राज्याला बांधलेलं. लाडकी बहीण 1500 देते, छत्तीसगडचं महतारी वंदन 1000. या दोन आकड्यांची तुलना वहिनीनं इतक्या सहज केली, की मला दोन्ही सरकारांच्या जाहिराती आठवल्या. नवरा कुठं झोपतो हे कुठल्याच अर्जात विचारत नाहीत.

एकेकाळी हा प्रश्न पडलाच नसता. 1956 पर्यंत दुर्ग आणि भंडारा एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. भिलाईत अजूनही मराठी घरं पुष्कळ, पण ती सेक्टरमधली, कारखान्याच्या नोकरीतून स्थिरावलेली. एका काकूंनी चहा पाजला, खूप आपुलकीनं बोलल्या, आणि "ड्रायव्हरला आमच्याकडं कुणी भाड्यानं देणार नाही हो," हेही तितक्याच आपुलकीनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी निर्णय झाला, तो मी धरला होता तसा नाही. वहिनी आणि पोरगी दहावी होईपर्यंत गावीच. टायरवाल्यामागची खोली मात्र घ्यायची. तीन ड्रायव्हरांनी मिळून, तिघंही साकोली-लाखनीकडचे. खाटा दोन, गादी एक, स्टोव्ह गाडीतला. किल्ली टायरवाल्याकडं. सुटीत वहिनी आणि पोरगी येतील तेव्हा बाकीचे दोघं खोली सोडतील, असंही ठरलं. वहिनीनं निघण्यापूर्वी फरशी धुतली आणि भिंतीला एक खिळा ठोकून घेतला, पिशवी अडकवायला.

या खोलीची घरमालकीण म्हातारी, छत्तीसगढीच बोलणारी. तिनं तिघांचे आधार कार्डाचे फोटो घेतले, ॲडव्हान्स मोजला आणि मग शंका काढली.

"अउ तीनों झन एके संग आगे त?"

"त एक झन गाडी म सुतही," भाऊ म्हणाला.

म्हातारीनं मान डोलावली आणि विजेच्या मीटरचं बोलणं काढलं.