बाळाची ‘आरएसव्ही’ टेस्ट : दोन रेघा काय सांगतात, काय नाही?

तान्ह्या बाळाची छाती घरघरतेय आणि डॉक्टरांनी ‘रॅपिड टेस्ट’ लिहून दिलीय? कोरोनाकाळात घरोघरी पोहोचलेल्या किटचंच हे भावंड. नाकातून स्वॅब घ्यायचा, पट्टीवरची प्रतिपिंडं विषाणूचं प्रथिन पकडतात आणि साधारण 15 मिनिटांत दुसरी रेघ उमटते.

गंमत म्हणजे आरएसव्हीची ही टेस्ट मोठ्यांपेक्षा लहान मुलांमध्येच जास्त खात्रीची. कारण त्यांच्या नाकात विषाणू भरपूर असतो. तरीही दर 5 बाधित मुलांपैकी साधारण एक सुटतंच. म्हणून पॉझिटिव्हवर भरवसा ठेवता येतो; निगेटिव्ह आली म्हणजे आरएसव्ही नाहीच, असं नाही. पीसीआर अधिक अचूक, पण महाग.

मग टेस्ट हवीच का? प्रत्येक बाळाला नाही. आरएसव्हीवर नेहमीच्या वापरातलं औषध नाही, अँटिबायोटिकचा उपयोग नाही. गरजेप्रमाणे ऑक्सिजन आणि सलाईन, एवढंच. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2014 मध्ये ब्राँकिओलायटिससाठी सरसकट टेस्ट नको, असंच सांगितलं. फ्लू निघाला तर मात्र औषध आहे. वॉर्डात कोणतं बाळ वेगळं ठेवायचं, हेही टेस्टवरून ठरवता येतं.

घरी त्यापेक्षा श्वास मोजा. बाळ शांत असताना, पूर्ण एक मिनिट. 2 महिन्यांच्या आतील बाळाचे 60 किंवा जास्त, 2 ते 12 महिन्यांच्या बाळाचे 50 किंवा जास्त श्वास भरले, तर लगेच डॉक्टरांकडे न्या. बरगड्यांखाली खड्डा पडतोय, बाळ दूध ओढत नाही, ओठ निळसर दिसतायत? मग रिपोर्टसाठी थांबू नका, थेट रुग्णालय गाठा.