मे महिन्यात बोट घेऊन मोठा मासा पकडायला जाताय? आधी समुद्राचं गणित समजून घ्या

एप्रिल-मेमध्ये अरबी समुद्र तुलनेने शांत असतो. याच दिवसांत सेलफिश किंवा भलामोठा कुपा पकडल्याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागतात. समुद्र तर प्रभादेवीच्या दारातच आहे. मग बोट ठरवून इथूनच का जाता येत नाही?

'बिग गेम फिशिंग' म्हणजे काय?

ही जाळ्याची मासेमारी नव्हे. मजबूत रॉड, रीळ आणि गळ वापरून खोल समुद्रातले मोठे, वेगवान मासे एकेक करून पकडायचे, हा तो खेळ. सेलफिश, मार्लिन, कुपा म्हणजे ट्यूना आणि मोठी सुरमई हे यातले मुख्य मासे. बोट चालू ठेवून मागे आमिष ओढत नेण्याच्या पद्धतीला 'ट्रोलिंग' म्हणतात. या खेळातल्या जागतिक विक्रमांची नोंद १९३९ मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन ठेवते.

मुंबईजवळ हे मासे का मिळत नाहीत?

कारण समुद्राच्या तळात आहे. मुंबईसमोरचा उथळ भूखंडमंच सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. खरी खोली त्यानंतर सुरू होते. २० नॉट म्हणजे ताशी ३७ किलोमीटर वेगाने निघालेल्या बोटीला तिथवर जायलाच आठ तास लागतील. अंदमानात बेटांपासून थोड्याच अंतरावर समुद्र खोल होतो, म्हणून तिथे असा मासा एका दिवसाच्या सहलीत मिळू शकतो.

दुसरं कारण गढूळ पाणी. खाड्यांचा गाळ आणि जोरदार भरती-ओहोटी यामुळे मुंबईजवळ पाणी स्वच्छ राहत नाही. नजरेने शिकार करणारे मासे अशा पाण्यापासून लांबच राहतात. त्यामुळे इथल्या हौशी गळवाल्यांची भिस्त रावस, जिताडा, घोळ यांच्यावर असते.

कोळीवाड्यातली बोट भाड्याने घेता येईल?

मासेमारीचा परवाना वेगळा, प्रवासी वाहतुकीचा वेगळा. मासेमारी बोटीवर पैसे घेऊन पर्यटक नेले आणि अपघात झाला, तर विम्यापासून परवान्यापर्यंत सगळंच अडचणीत येऊ शकतं. पर्यटकाची एक सहल बुडते. बोटमालकाच्या घराची मात्र मिळकतच थांबते.

सुरक्षेचा मुद्दाही आहे. २००८ च्या २६/११ हल्ल्यातले दहशतवादी 'कुबेर' या मासेमारी बोटीचा ताबा घेऊन मुंबईजवळ आले होते. त्यानंतर बोटींची नोंदणी आणि मच्छीमारांची ओळखपत्रं यांबाबतचे नियम कडक झाले. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, मासेमारीवर राज्याचं नियंत्रण असतं. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंत केंद्राचा अधिकार चालतो.

बंदी कधी असते?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांच्या प्रजननाला वाव मिळावा आणि खवळलेल्या समुद्रात जीव जाऊ नयेत, हे यामागचे हेतू. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना यातून सूट आहे.

मग मे महिना सुरक्षित का?

पूर्णपणे नाही. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबईपासून दूर समुद्रात 'पी-३०५' हा तराफा बुडाला आणि ७० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. तेलविहिरींच्या फलाटांभोवती मासे जमतात, म्हणून तिकडे जाण्याचा मोह होतो. पण फलाटाभोवतीच्या ५०० मीटरच्या सुरक्षा क्षेत्रात शिरायला मनाई आहे.

कोणता मासा सोडावाच लागतो?

व्हेल शार्कला २००१ पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. करवत मासा आणि समुद्री कासवंही संरक्षित आहेत. असा जीव जाळं कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला राज्य सरकार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. ही योजना २०१८ मध्ये सुरू झाली. राज्याने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडण्याची किमान लांबीही ठरवली. त्याहून लहान मासा पकडणं नियमबाह्य आहे.

हौशी मासेमारीत मासा पकडून जिवंत सोडण्याची पद्धत आता रुळली आहे. त्यासाठी गोलाकार 'सर्कल हुक' वापरतात. तो पोटात न जाता बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, त्यामुळे मासा वाचण्याची शक्यता वाढते.

निघण्याआधी काय तपासाल?

• बोटीचा प्रवासी परवाना आणि किती माणसं नेता येतात
• प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट आणि चालू स्थितीतला व्हीएचएफ रेडिओ
• हवामान विभागाचा मच्छीमारांसाठीचा इशारा
• संकटात तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३

यातली एक गोष्ट जरी नसली, तरी आगाऊ पैसे देऊ नका. सुरमई खायचीच असेल, तर ती बाजारातही मिळते.