विश्लेषण : ‘त्यालाच जास्त वेळ का?’ डिस्लेक्सिया वर्गमित्रांना कसा समजावायचा?

इंदिरानगर (नाशिक) : परीक्षेची वेळ संपते, सगळ्यांच्या उत्तरपत्रिका गोळा होतात, एकाची मात्र राहते. मग मागच्या बाकावरून प्रश्न येतो, ‘त्यालाच जास्त वेळ का?’ इंदिरानगरमधील मराठी, सेमी-इंग्रजी वा इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही वर्गात हा प्रश्न येऊ शकतो. त्याचे नीट उत्तर मिळाले नाही, तर चिडवण्याच्या भीतीने मूल हक्काची सवलतही नाकारू शकते.

डिस्लेक्सिया म्हणजे काय?

दिसणारे अक्षर आणि त्याचा उच्चार यांची जोडी जुळवायला मेंदूला जास्त कष्ट पडणे, म्हणजे डिस्लेक्सिया. हा बुद्धीचा, डोळ्यांचा किंवा वळणाचा दोष नाही. ऐकून गोष्ट लगेच समजणारे मूल तीच गोष्ट वाचताना अडखळते. हा संसर्गाने होत नाही आणि औषधाने जात नाही. योग्य पद्धतीने शिकवले तर वाचन सुधारते.

मराठी वाचताना अडते कुठे?

‘कि’ लिहिताना वेलांटी क च्या आधी येते, उच्चार मात्र नंतर होतो. ‘क्रम’ आणि ‘कर्म’ या दोन्ही शब्दांत क, र, म हीच अक्षरे. र ची जागा बदलली की अर्थ बदलतो. घ-ध, भ-म यांतील फरक एका छोट्या रेषेचा. मराठीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते इंग्रजीपेक्षा सरळ आहे. त्यामुळे मूल सावकाश का होईना, वाचते आणि अडचण लपून राहते. म्हणूनच फक्त इंग्रजी चाचणीवर निष्कर्ष काढणे पुरेसे नसते. मानेसर (हरियाणा) येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ ही चाचणी मराठीतही तयार केली आहे.

सवलत ही मेहेरबानी आहे का?

नाही. महाराष्ट्राने १९९६ मध्येच अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत सवलती दिल्या. ‘तारे जमीन पर’ आला तो त्यानंतर ११ वर्षांनी, २००७ मध्ये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळाल्यावर नियमांनुसार जादा वेळ, लेखनिक अशा सवलती घेता येतात.

मुलांना कसे सांगायचे?

चष्म्याचे उदाहरण सर्वांत सोपे. चष्मा लावणाऱ्याला कोणी ‘तू कॉपी करतोस’ म्हणत नाही. फळा दिसावा म्हणून तो चष्मा लावतो. जादा वेळही तसाच. उत्तर त्याचे त्यालाच लिहायचे असते.

वर्गात एक प्रयोग करता येईल. मोडी लिपीतील चार ओळी सर्वांना द्याव्यात आणि ‘एका मिनिटात मोठ्याने वाचा’ असे सांगावे. सगळेच अडखळतील. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला अक्षरे मोडीसारखी दिसतात, असा याचा अर्थ नाही. पण सर्वांसमोर अडखळताना काय वाटते, ते मुलांना कळेल.

मित्रांनी काय करावे?

• कोणी वाचताना अडले तर हसू नये. शब्द लगेच पुरवूही नये. त्याने विचारले तरच सांगावे.
• फळ्यावरचे उतरवायचे राहिले तर आपली वही द्यावी.
• गटात काम करताना धडा एकाने मोठ्याने वाचावा. चित्र, मांडणी किंवा तोंडी सादरीकरण ज्याला जमते त्याने करावे.
• ‘ढ’ म्हणून चिडवले जात असेल तर शिक्षकांना सांगावे. ही चहाडी नव्हे.

मोठ्यांनी काय टाळावे?

मुलाच्या आणि पालकांच्या संमतीशिवाय वर्गात त्याचे नाव घेऊन माहिती देऊ नये. सर्वांसमोर मोठ्याने वाचण्याची सक्ती करू नये. अक्षरे उलटी लिहिली म्हणून लगेच शिक्काही मारू नये. लहान वयात अनेक मुले तसे लिहितात. अडचण टिकून राहिली तर शाळेतील समुपदेशक किंवा बालरोगतज्ज्ञांना भेटून रीतसर तपासणी करून घ्यावी. दहावीची वाट पाहू नये. वाचनाची मदत प्राथमिक वर्गांतच सुरू झाली तर तिचा उपयोग अधिक होतो.