सेवाग्रामच्या तीन अटी व कॅमेऱ्याची निवड

मध्यम स्थितींतील कुटुंबांत कॅमेरा ही आतां केवळ हौसेची वस्तु राहिलेली नाहीं. घरांतील मंगलकार्य, आजोबांच्या तोंडच्या आठवणी, शाळेचें स्नेहसंमेलन, बोरच्या अरण्यांतील पक्षी, हें सर्व स्थिर चित्रांत व चलच्चित्रांत जतन करून ठेवावें, असें पुष्कळांस वाटतें. रोजच्या कामास मोबाइल पुरतो; परंतु खोली अंधारी असली किंवा पक्षी दूर बसलेला असला, म्हणजे त्याची मर्यादा दिसूं लागते. मग वर्षभराची शिल्लक घेऊन गृहस्थ दुकानांत जातो आणि मेगापिक्सेलच्या आंकड्यांनीं भांबावून जातो. याचें कारण साधें आहे. कॅमेरा काय काय करतो हें त्यास सांगण्यांत येतें. पण स्वतःस काय करावयाचें आहे, हें त्यानें ठरविलेलें नसतें.

हें अगोदर ठरविणें किती उपकारक असतें, याचें उत्तम उदाहरण वर्धा जिल्ह्यांतच आहे. गांधीजी १९३६ सालीं वर्ध्याजवळच्या शेगांवीं राहावयास आले. त्याच गांवास पुढें सेवाग्राम हें नांव मिळालें. तेथील आश्रमांत काम करणारे कनु गांधी हे नारणदास गांधी यांचे चिरंजीव व नात्यानें गांधीजींचे चुलत नातू. त्यांस छायाचित्रणाची ओढ लागली. घनश्यामदास बिर्ला यांनीं दिलेल्या शंभर रुपयांतून त्यांनीं रोलायफ्लेक्स जातीचा कॅमेरा घेतला. गांधीजींनीं परवानगी दिली ती तीन अटींवर. फ्लॅशचा दिवा लावावयाचा नाहीं. चित्रासाठीं कोणास अमुक रीतीनें बसा वा उभे राहा असें सांगावयाचें नाहीं. आणि या कामास आश्रम पैसा देणार नाहीं. या बंधनांत राहून कनु गांधींनीं गांधीजींच्या अखेरच्या सुमारें दहा वर्षांचें जें चित्रण केलें, तें आज इतिहासाचें साधन होऊन बसलें आहे.

या तीन अटी म्हणजे प्रकाशाची मर्यादा, प्रसंग न मोडण्याची मर्यादा आणि पैशाची मर्यादा. आजच्या घरगुती छायाचित्रकारासहि ह्याच तीन मर्यादा असतात. म्हणून मध्यम किंमतीचा डीएसएलआर कॅमेरा पारखतांना याच तीन कसोट्या लावून पाहाव्या.

पहिली कसोटी प्रकाशाची. सेवाग्रामची बापू कुटी माती, बांबू आणि कौलें यांची आहे. अशा जागेंत भर दुपारींहि प्रकाश थोडाच असतो. कॅमेऱ्याबरोबर सामान्यतः जी १८ ते ५५ मिलिमीटरची लेन्स मिळते, तिचें तोंड ५५ च्या टोकास एफ ५.६ एवढेंच उघडतें. एफपुढील आंकडा जितका लहान, तितकें तोंड मोठें. ५० मिलिमीटरची एफ १.८ ची साधी लेन्स लावली, तर तिच्यांतून सुमारें साडेनऊपट प्रकाश आंत येतो. हा लाभ अधिक मेगापिक्सेल घेऊन होत नाहीं. प्रकाश अपुरा असतां आयएसओचा आंकडा चढवावा लागतो, आणि तो फार चढविला कीं चित्र दाणेदार होतें. तेव्हां बॉडी एक पायरी खालची घेऊन उरलेल्या पैशांत मोठ्या तोंडाची लेन्स घेणें, हा बहुधा शहाणपणाचा व्यवहार ठरतो.

मात्र एक हिशेब ध्यानांत ठेवावा. जुन्या फिल्मची चौकट ३६ × २४ मिलिमीटर असे; मध्यम किंमतीच्या बहुतेक डीएसएलआरचा सेन्सर सुमारें २३ × १५ मिलिमीटरचा असतो. त्यामुळें निकॉनच्या कॅमेऱ्यांत लेन्सचा आंकडा दीडपट आणि कॅननच्या कॅमेऱ्यांत १.६ पट धरावा लागतो. ५० मिलिमीटरची लेन्स तेथें ७५ वा ८० सारखी वागते. एका माणसाच्या चित्रास ती उत्तम, पण लहान खोलींत चार माणसें तिच्यांत मावत नाहींत. तेथें ३५ किंवा २४ मिलिमीटरची लेन्स हवी. उलट बोरच्या जंगलांत हीच गोष्ट फायद्याची होते. ३०० मिलिमीटरची लेन्स ४५० ते ४८० एवढें दूरचें जवळ आणते.

दुसरी कसोटी प्रसंग न मोडण्याची. रोलायफ्लेक्समध्यें एकाखालीं एक अशा दोन लेन्स असतात. वरच्या लेन्समधील प्रतिमा आरशावरून कांचेवर पडते व छायाचित्रकार मान खालीं घालून ती पाहतो. खालची लेन्स चित्र घेते. आरसा हलत नसल्यामुळें आवाज अगदीं थोडा होतो. डीएसएलआरमध्यें दोनहि कामें एकच लेन्स करते. म्हणून चित्र घेण्याच्या क्षणीं आरसा वर उचलावा लागतो आणि ‘खट्’ असा आवाज होतो. कीर्तन किंवा प्रार्थना चालूं असतां तो कानांस टोंचतो. बहुतेक मध्यम कॅमेऱ्यांत आवाज कमी करणारी सोय असते. ती दुकानांतच लावून ऐकावी. तसेंच, कोणास थांबावयास सांगावयाचें नसेल, तर फोकस झटपट जमला पाहिजे. धांवतें मूल किंवा उडता बगळा यांवर डोळ्याजवळील खिडकींतून नेम धरून पाहणें, हीच याची खरी परीक्षा होय.

चलच्चित्रणाची गोष्ट निराळी आहे. डीएसएलआरला ही विद्या उशिरां आली. २००८ सालचा निकॉन डी ९० हा ती अवगत असलेला पहिला कॅमेरा. चलच्चित्रण चालूं असतां आरसा सतत वर राहतो, आणि त्याखालील स्वतंत्र फोकस-यंत्रणेस प्रकाशच मिळत नाहीं. मग फोकसचें काम मुख्य सेन्सरवर येऊन पडतें. कॅननने २०१३ सालच्या ७० डी या कॅमेऱ्यांत सेन्सरवरच या कामाची नवी योजना केली. पुढील ८० डी व ९० डी यांत ती आहे, व त्यांत माणूस पुढें चालत आला तरी फोकस शांतपणें त्याच्याबरोबर येतो. निकॉनचा २०१७ सालचा डी ७५०० स्थिर चित्रांत तरबेज आहे. पण चलच्चित्रणांत त्याचा फोकस मागेंपुढें चांचपडतो. ज्याचें निम्में काम चलच्चित्राचें आहे, त्यानें हा भेद प्रथम पाहावा.

‘फोर-के’ या शब्दानेंहि हुरळून जाऊं नये. डी ७५०० मध्यें फोर-के चित्रण करतांना सेन्सरचा मधलाच भाग वापरला जातो आणि दृश्य आणखी दीडपट आंकुंचित होतें. १८ मिलिमीटरची लेन्स तेव्हां सुमारें ४० सारखी दिसते, व लहान खोलीचें चित्रण अवघड होतें. ९० डी मध्यें सेन्सरची पूर्ण रुंदी वापरण्याची सोय आहे. पण तेथें दर मिनिटास सुमारें ९०० मेगाबाइट जागा लागते, म्हणजे ६४ गिगाबाइटचें कार्ड सत्तर मिनिटांच्या आसपास भरतें. घरच्या पडद्यावर पाहण्यास फुल एचडी अजूनहि पुरतें.

आवाजाचा विचार तर बहुतेक जण विसरतातच. कॅमेऱ्याच्या अंगचा मायक्रोफोन लेन्सच्या मोटरचा आवाज आणि वारा हींच प्रथम टिपतो. आजोबांच्या आठवणी नोंदवावयाच्या असतील, तर त्यांच्या सदऱ्यास लावण्याचा लहान मायक्रोफोन घ्यावा, आणि तो जोडण्याचें भोंक कॅमेऱ्यास आहे ना, तें पाहावें. ८० डी, ९० डी व डी ७५०० यांस मायक्रोफोन व हेडफोन या दोहोंची सोय आहे. निकॉन डी ५६०० व कॅनन २०० डी मार्क टू यांस केवळ मायक्रोफोनची आहे. आणखी एक बारकावा विजेचा. आपल्याकडील वीज ५० हर्ट्‌झची असल्यामुळें पुष्कळ दिव्यांचा प्रकाश सेकंदास शंभर वेळां कमीजास्त होतो. म्हणून कॅमेरा ‘पाल’ पद्धतीवर ठेवून सेकंदास २५ चौकटी आणि शटर एक-पन्नासांश सेकंद असें योजावें; नाहीं तर चित्रांत पट्टे सरकतांना किंवा प्रकाश थरथरतांना दिसतो.

तिसरी कसोटी पैशाची. तिचा धडा महाराष्ट्राच्या चित्रपट-इतिहासांत सांपडतो. दादासाहेब फाळके १९१२ सालीं लंडनला गेले, ते आपल्या विमा-पॉलिसी गहाण टाकून. तेथें त्यांनीं प्रथम जाणत्यांचा सल्ला घेतला. मग ५० पौंडांस विल्यमसनचा कॅमेरा घेतला, आणि त्याबरोबर कच्ची फिल्म व तीस भोंकें पाडणारें यंत्र यांचीहि व्यवस्था केली. सर्व पैसा एकट्या कॅमेऱ्यांत घातला असता, तर परत येऊन काम सुरू होतें ना. आजच्या खरेदीदारानेंहि लेन्स, मायक्रोफोन, ट्रायपॉड, दोन कार्डें आणि एक जास्तीची बॅटरी यांची रक्कम अगोदर बाजूस काढावी व उरेल तिच्यांत बॉडी बसवावी.

या ठिकाणीं बाजाराची स्थितीहि समजून घेतली पाहिजे. कॅनन व निकॉन यांनीं २०२० सालानंतर नवा डीएसएलआर बाहेर काढलेला नाहीं. त्यांचें लक्ष आतां आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस, कॅमेऱ्यांकडे आहे. ज्याचें काम मुख्यतः चलच्चित्राचें असेल, त्यानें त्याच किंमतीचा मिररलेसहि अवश्य पाहावा. तेथें आरशाचा अडसर मुळींच नसतो. पण याच कारणामुळें उत्तम डीएसएलआर वापरलेल्या स्थितींत पुष्कळ मिळूं लागले आहेत, आणि त्यांच्या बहुतेक लेन्स पुढें अडॅप्टर लावून त्याच कंपनीच्या मिररलेसवर चालतात. वापरलेला कॅमेरा घेतांना शटर किती वेळां उडालें आहे हें विचारावें. या वर्गांतील शटरचें आयुष्य लाख ते दीड लाख वेळांचें धरलेलें असतें. लेन्स दिव्यासमोर धरून आंत बुरशीची जाळी आहे काय, तें पाहावें. मूळ पावती मागावी.

वर्ध्याच्या हवेंत हा बुरशीचा प्रश्न लहान नाहीं. उन्हाळ्यांत धूळ आणि प्रखर ऊन, तर पावसाळ्यांत ओल. उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत कॅमेरा ठेवूं नये. मोकळ्या माळावर, वाऱ्यांत लेन्स बदलूं नये. आणि आषाढ-श्रावणांत घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या घालून तो ठेवावा. कातडी पिशवींत महिनोन्‌महिने बंद ठेवलेल्या लेन्सला बुरशी लवकर धरते; नेहमीं हाताळलेली लेन्स अधिक टिकते.

एकंदरींत, दुकानांत जाण्यापूर्वीं एका कागदावर तीन ओळी लिहाव्या. कोणत्या प्रकाशांत काम करावयाचें आहे. कोणाचें व कशाचें चित्रण करावयाचें आहे, आणि त्यांत स्थिर किती व चल किती. आणि सर्व सामग्री मिळून किती खर्च करावयाचा आहे. मग आपलें कार्ड बरोबर नेऊन दुकानाच्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यांत प्रत्येक कॅमेऱ्यानें एक चित्र व एक मिनिटाचें चलच्चित्र घ्यावें, आणि तें घरीं नेऊन मोठ्या पडद्यावर पाहावें. आजोबांच्या आठवणी दुसऱ्यांदा नोंदविण्याची संधि मिळतेच असें नाहीं. त्या दिवशीं चेहरा स्वच्छ दिसला पाहिजे आणि शब्द स्पष्ट ऐकूं आले पाहिजेत. एवढें ज्या कॅमेऱ्यानें साधेल, तो घरास पुरेसा होय.