वॉकर आधी, मग दुखरा पाय

बोलीत ज्याला ‘खुबा मोडला’ असे म्हणतात, तो प्रत्यक्षात मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा अस्थिभंग असतो. मोड हाडाच्या मानेत, म्हणजे गोळ्याच्या लगेच खाली असेल आणि तुकडे सरकलेले असतील, तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती असल्यामुळे वृद्धांमध्ये बहुधा तो काढून कृत्रिम गोळा बसवतात; मोड त्याहून खाली असेल, तर हाडात सळई किंवा पट्टी-स्क्रू घालून ते सांधतात. शस्त्रक्रिया काही तासांत उरकते. त्यानंतरचे काम मात्र आठवडेच्या आठवडे चालते, आणि ते हाडाइतकेच रुग्णाच्या बोधनक्षमतेवर, म्हणजे लक्ष देणे, ऐकलेले ध्यानात ठेवणे आणि त्या क्रमाने हालचाल करणे या शक्तीवर अवलंबून असते.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपिस्ट रुग्णाला खाटेच्या कडेला बसवून उभे करतात, तेव्हा वरवर साधी दिसणारी ही क्रिया म्हणजे सूचनांची एक लांबलचक साखळी असते: पुढे सरका, पाय टेकवा, हात गादीवर रेटा, उठा, मग वॉकर धरा, वॉकर पुढे ठेवा, त्यामागून दुखरा पाय, मग चांगला पाय. चूक बहुधा ठरलेल्या ठिकाणीच होते. गादीवर हात रेटण्याऐवजी रुग्ण समोरचा वॉकर ओढून उठू पाहतो आणि वॉकर कलंडतो. बसतानाही तेच, कारण खुर्ची पोटऱ्यांना लागेपर्यंत मागे सरकायचे आणि मग हात मागे नेऊन तिचे हात चाचपायचे, हे दोन्ही विसरून रुग्ण अंगच टाकून देतो. स्मरण शाबूत असलेल्यांची ही चूक थोड्या सरावाने सुटते; स्मृतिभ्रंश, म्हणजे स्मरण आणि विचारशक्ती हळूहळू क्षीण करणारा विकार असलेल्यांना मात्र सकाळी शिकवलेले संध्याकाळी पुन्हा नवे असते, आणि मग केसपेपरवर ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ असा शेरा पडतो. या शेऱ्यात दोष रुग्णाच्या माथी मारला जातो. कमी पडलेली असते ती पुष्कळदा शिकवण्याची रीत.

स्मृतिभ्रंशात घडलेली गोष्ट आठवण्याची शक्ती लवकर जाते, परंतु हातापायांना सरावाने जडलेली स्मृती, जिला क्रियास्मृती म्हणतात, ती तुलनेने टिकून राहते, आणि अनुभवी थेरपिस्ट काम करतात ते तिच्याच आधाराने. अशा रुग्णाला ते समजावत बसत नाहीत. त्याचा तळहात स्वतः धरून गादीवर ठेवतात, रोज त्याच दोन शब्दांत सूचना देतात, शक्यतो माणूस आणि वेळ बदलू देत नाहीत, आणि चुकीची हालचाल होण्याआधीच ती अडवतात, कारण एकदा झालेली चूकही अंगवळणी पडते. ‘दहा पावले चाला’ या आज्ञेने जागचा न हलणारा रुग्ण ‘चला, खिडकीशी बसून चहा घेऊ’ म्हटल्यावर उठतो, यात नवल काहीच नाही. पावले मोजण्यासाठी आयुष्यात कोणीच चाललेले नसते.

स्मरणाचा हा विचार शस्त्रक्रियागृहातही व्हावा लागतो. ‘पायावर निम्माच भार द्या’ ही सूचना विसराळू माणूस पाळूच शकत नाही, म्हणून पूर्ण भार पेलेल अशीच जोडणी निवडणे शहाणपणाचे ठरते. कृत्रिम गोळा सांध्याच्या मागच्या बाजूने छेद घेऊन बसवला, तर तो निखळू नये म्हणून खाली बसणे आणि पाय आत वळवणे टाळावे लागते, आणि जन्मभर जमिनीवर मांडी घालून जेवलेल्या माणसाला हे पथ्य दिवसातून दहादा आठवावे लागते. इंग्लंडमधील ‘नाइस’ या संस्थेच्या 2011 च्या मार्गदर्शिकेने मागच्या छेदापेक्षा पुढच्या-बाजूच्या छेदाचा विचार करण्यास सुचवले आहे.

या सर्वांआधी एक निदान नीट व्हावे लागते. दुखणे, भूल, औषधे, पाणी कमी पडणे, जंतुसंसर्ग यांमुळे खुबा मोडलेल्या रुग्णांना अचानक गोंधळल्यासारखे होते, बोलणे भरकटते, रात्री ते वाढते. मराठीत ज्याला ‘वात झाला’ म्हणत, तो हा डिलिरियम. बडबडणारा, सलाइनची नळी उपटणारा रुग्ण सर्वांना दिसतो. पण याच विकाराच्या दुसऱ्या प्रकारात रुग्ण गप्प, पेंगुळलेला पडून राहतो आणि ‘शांत आहेत’ म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते. डिलिरियम दिवसागणिक बदलतो आणि बहुधा ओसरतो. त्याला स्मृतिभ्रंश समजून सराव बंद करणे ही मोठी चूक होय. अमेरिकेत 126 रुग्णांवर झालेल्या आणि 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वृद्धरोगतज्ज्ञांनी सुरुवातीपासून लक्ष घातले तेव्हा डिलिरियमचे प्रमाण 50 टक्क्यांवरून 32 टक्क्यांवर आले.

डिलिरियम ओळखण्यासाठी ‘फोर-ए-टी’ ही छोटी चाचणी वापरतात. तीत वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू वर्ष विचारतात, आणि वर्षाचे महिने उलट क्रमाने म्हणायला लावतात. महाराष्ट्रात शाळेत घालताना 1 जून ही जन्मतारीख सर्रास लिहिली गेली आणि शाळेत न गेलेल्यांकडे तीही नाही, तेव्हा असे उत्तर चुकले म्हणून बुद्धी चुकली, असे धरता येत नाही. महिने विचारताना फाल्गुन, माघ, पौष असे उत्तर आले तर ते बरोबर मानण्याइतके तारतम्य परीक्षकाकडे असावे. कमी शिकलेल्यांसाठी हरयाणातील बल्लभगढ येथे हिंदी मनःस्थिती चाचणी घडवली गेली, ती याच गरजेतून.

स्मृतिभ्रंश खरोखरच असला, तरी सराव वाया जातोच असे नाही. फिनलंडमधील युवास्क्युला येथे खुबा मोडलेल्या 243 वृद्धांवर झालेल्या, 2000 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला वृद्धरोग विभागात सघन पुनर्वसन मिळाले. तीन महिन्यांनंतर सौम्य स्मृतिभ्रंश असलेल्यांपैकी त्या गटातील 91 टक्के स्वतंत्रपणे राहत होते, दुसऱ्या गटातील 67 टक्के; मध्यम स्मृतिभ्रंशात हे प्रमाण 63 आणि 17 टक्के होते. उपगट लहान होते, आणि तीव्र स्मृतिभ्रंशात तसा फरक आढळला नाही, हेही नोंदवले पाहिजे.

नातेवाइकांनी पहिल्याच दिवशी चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी वॉर्डात आणून द्यावी, आणि पडण्याच्या आदल्या दिवशी रुग्ण काय काय स्वतः करत होता, कोणाला ओळखत होता, ते सांगून केसपेपरवर लिहून घ्यायला लावावे.