चपला शिवणाऱ्यांचा इतिहास कोणी जपला?

इतिहास जपणाऱ्या माणसांचा सत्कार व्हावा, असे आपल्याकडे वारंवार म्हटले जाते. म्हणणे रास्त आहे. पण सत्कार कोणाचा, हे ठरविण्याआधी त्या माणसाने नेमके काय जपले हे पाहावे लागते. त्यासाठी मी शेजारच्या आंध्रातले, ओंगोल भागातल्या बाप्तिस्त मंडळ्यांचे उदाहरण घेतो. ख्रिस्ती मंडळ्यांचा आपल्या चळवळीशी काय संबंध, असे काहींना वाटेल. त्यांनी थोडे पुढे वाचावे.

बाप्तिस्त पंथात जन्माने कोणी सभासद होत नाही. जाणत्या वयाच्या माणसाने मंडळीपुढे उभे राहून आपली साक्ष स्वतःच्या तोंडाने द्यायची, मग पूर्ण पाण्यात बुडवून बाप्तिस्मा घ्यायचा. दुसरे असे की प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण पाहते. वर बिशपची गादी नसते. याचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. गादी नाही म्हणून एका जागी गोळा झालेले दप्तरही नाही. सभासदांची वही, सभेचे वृत्तांत, जुनी पत्रे हे सारे त्या त्या गावच्या पेटीत पडून असते. वाळवीने खाल्ले की संपले. अमेरिकेतील बाप्तिस्तांनी १८५३ सालीच आपली इतिहाससंस्था काढली, यामागची निकड ही अशी आहे. प्रादेशिक इतिहास जपणारा माणूस नसेल तर या पंथाला मागचे काही उरतच नाही. आपल्या वस्त्यांची स्थिती याहून वेगळी आहे काय?

आता ओंगोल. अमेरिकन बाप्तिस्तांचे तेलुगू भागातील काम १८३६ मध्ये सुरू झाले आणि तीस वर्षे जवळजवळ निष्फळ राहिले. १८६६ मध्ये जॉन क्लफ हे ओंगोलला आले. त्याच वर्षी येर्रगुंट्ला पेरय्या नावाच्या मादिगा गृहस्थाने सपत्नीक बाप्तिस्मा घेतला. मेलेले ढोर ओढणे, कातडे कमावणे, चपला शिवणे, गावच्या जत्रेत डफ वाजविणे ही मादिगांची कामे. आपल्याकडे महार, ढोर, चांभार आणि मांग अशा चौघांत वाटलेले काम तेथे एकाच जातीच्या माथी होते. पेरय्या कातड्याच्या व्यापारासाठी गावोगाव हिंडणारा, आधीच एका योगपंथात मुरलेला माणूस. त्याने आपल्या जातभाईंत बोलायला सुरुवात केली आणि वाडेच्या वाडे हलले.

वरच्या जातींनी क्लफना निरोप धाडला, की मादिगांना घेणे थांबवा, मग आम्ही येतो. क्लफ यांनी मादिगांना सोडले नाही. मादिगांनीही मेलेले मांस टाकले, देवीच्या जत्रेत डफ वाजविण्यास नकार दिला. त्यावर गावाने त्यांचे पाणी तोडले, परीट-कुंभार बंद केले. १९२७ नंतर महाडच्या पंचक्रोशीत जे घडले ते वाचलेल्याला हे सारे ओळखीचे वाटेल. मला ते वाचताना पुस्तक मिटून जरा वेळ बसावे लागले.

पुढे १८७६–७८ चा दुष्काळ आला. क्लफ हे मोजणीचे काम शिकलेले होते. त्यांनी बकिंगहॅम कालव्याच्या तीन-साडेतीन मैलांच्या खोदाईचा मक्ता घेतला आणि टोळ्यांवर मादिगा उपदेशकांना देखरेखीस नेमले. काम चालू असेतो बाप्तिस्मा देण्याचे त्यांनी थांबविले. भाकरीसाठी लोक धर्म घेतात असा आक्षेप येऊ नये म्हणून. काम संपल्यावर ३ जुलै १८७८ रोजी वेल्लमपल्ली येथे गुंडलकम्मा नदीत एका दिवसात २,२२२ जणांनी बाप्तिस्मा घेतला. सहा देशी उपदेशक पाळीपाळीने, एका वेळी दोघे, पाण्यात उभे होते.

हा २,२२२ चा आकडा जगभरच्या मिशनरी पुस्तकांत छापला गेला. आकडा लक्षात राहिला, माणसे राहिली नाहीत. ओंगोलमध्ये क्लफ यांच्या नावाचे रुग्णालय आहे, त्यांचे आधीचे सहकारी जुएट यांच्या नावाचे देऊळ आहे. असावे, ते कष्टाळू लोक होते. पण पाण्यात उभ्या राहिलेल्या त्या सहा जणांची नावे कितीजणांना सांगता येतील?

येथे मला एका बाईचे ऋण मानावे लागते. एमा राउशेनबुश-क्लफ या क्लफ यांच्या दुसऱ्या पत्नी. बर्न विद्यापीठाच्या डॉक्टरेट होत्या, मेरी वोलस्टनक्राफ्टवर त्यांनी ग्रंथ लिहिला. त्या मादिगा उपदेशकांजवळ आणि म्हाताऱ्यांजवळ बसल्या, त्यांच्या जबान्या ऐकल्या, आणि १८९९ मध्ये ‘व्हाइल सोइंग सँडल्स’ म्हणजे ‘चपला शिवताना’ हे पुस्तक काढले. मातंगीच्या आणि अरुंधतीच्या कथा, गुरूंचे पंथ, पेरय्याचे आयुष्य त्यात आले. दोषही सांगितला पाहिजे. पुस्तक इंग्रजीत, छापले लंडनला, उपशीर्षकात ‘पराया’ हा शब्द. ज्यांनी सांगितले त्यांना ते वाचता येणे शक्य नव्हते. तरीही ते नसते तर पेरय्या आज आपल्याला भेटलाच नसता. अलीकडे, २०१३ मध्ये, जेम्स एलिशा तानेटी यांनी तेलुगू बायबल-स्त्रियांवर, म्हणजे घरोघर जाऊन सांगणाऱ्या देशी बायकांवर ग्रंथ लिहिला. सत्काराची यादी मी करायची झाली तर या दोघांमध्ये त्या निनावी म्हाताऱ्या सांगणाऱ्यांना बसवीन.

ही केवळ पुरातनाची हौस नव्हे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. शिखांना तो १९५६ मध्ये आणि आपल्या बौद्धांना १९९० मध्ये मिळाला. ख्रिस्ती दलितांना मिळालेला नाही. ‘धर्म बदलला, आता जात कोठली?’ असे त्यांना विचारले जाते. गावाने पाणी कोणाचे तोडले होते, याची नोंद अशा वेळी कामाची असते.

माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात असे. तिच्या टोळीत कोण बाया होत्या, हे मी तिला कधी विचारले नाही, आणि ती गेली. हजेरीपटावर तिचा अंगठा असेल, तोही कोठे आहे कोण जाणे. आमच्या वस्तीत एका वृद्ध कार्यकर्त्याकडे मात्र वही आहे: गावकीचे काम कोणी केव्हा सोडले, त्यावर्षी कोणाकोणाचा बलुत्याचा दाणा बंद झाला, नावांनिशी. त्यांना मागे एका समारंभात शाल मिळाली. वही कोणी मागितली नाही. या दिवाळीच्या सुटीत माझे दोन विद्यार्थी त्यांच्याजवळ बसून ती उतरवून घेणार आहेत. अक्षर पुसट आहे, म्हणून बाबा स्वतः वाचून दाखविणार आहेत.