पंचवीस अंडी आणि यकृताचा हिशेब

'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये १९९१ साली डॉ. फ्रेड कर्न यांनी ८८ वर्षांच्या एका गृहस्थांची नोंद प्रसिद्ध केली. हे आजोबा वर्षानुवर्षे रोज सुमारे २५ अंडी खात. एका अंड्यात साधारण २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल धरले, तरी रोज ५ ग्रॅम पोटात जात होते. रक्तातले प्रमाण मात्र सामान्य! तपासणीत दिसले की, त्यांचे आतडे त्यातले जेमतेम १८ टक्के शोषून घेत होते आणि यकृत बऱ्याच कोलेस्टेरॉलचे पित्ताम्लांत रूपांतर करून त्याची विल्हेवाट लावत होते.

सगळ्यांचे शरीर इतके चोख नसते, म्हणून हा प्रयोग कुणी घरी करू नये. पण यंत्रणा सगळ्यांकडे तीच. पेशींची आवरणे, ड जीवनसत्त्व, अनेक संप्रेरके यांसाठी कोलेस्टेरॉल लागतेच आणि त्यातले बहुतांश शरीर स्वतः तयार करते. पेशीत ते कमी पडले की एक प्रथिन आवरणातून सुटून केंद्रकात जाते आणि दोन कामे एकदम सुरू करते. एक, कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या विकराचे उत्पादन. दुसरे, रक्तातले एलडीएल ओढून घेणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, वाढवणे. साठा पुरेसा झाला की ते प्रथिन पुन्हा जागेवर अडकून राहते. हे ग्राहक शोधणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल मिळाले.

स्टॅटिनची गोळी याच व्यवस्थेचा फायदा घेते. ती विकराला अडवते, यकृताला टंचाई जाणवते, ते ग्राहक वाढवते आणि रक्तातले एलडीएल उतरते. रिपोर्ट चांगला आला म्हणून परस्पर गोळी थांबवली, की विकर मोकळे होते आणि आकडा पुन्हा चढू लागतो.

तूप, वनस्पती तुपासारखे संपृक्त मेद या ग्राहकांचे काम मंदावतात. त्यामुळे तेलाच्या डब्यावरील 'कोलेस्टेरॉल-फ्री' या शब्दांना फारसा अर्थ नाही. वनस्पतिजन्य तेलात ते जवळपास नसतेच.

काहींच्या ग्राहकांत मात्र जन्मतःच दोष असतो. माणूस सडपातळ, शाकाहारी, तरी एलडीएल १९०च्या वर. अशांना पथ्यात चुकल्याबद्दल बोलणी बसतात, ती उगाच. त्यांना औषध लागते आणि त्यांच्या भावंडांची व मुलांचीही तपासणी व्हायला हवी.